पट्टा तुटल्यावर एंजिनाची वेळ कशी जुळवतात?

भरधाव चाललेली मोटार एकाएकी बंद पडते. चालक ती रस्त्याच्या कडेला घेतो आणि पुन्हा किल्ली फिरवतो. स्टार्टर फिरतो, किंबहुना नेहमीपेक्षा हलका आणि अधिक वेगाने फिरतो. एरवी येणारा अडखळत्या लयीचा आवाज येत नाही. रिकामे शिवणयंत्र फिरवावे तशी एकसारखी घरघर तेवढी ऐकू येते. जाणत्या मेस्त्रीला एवढे ऐकणे पुरते. टाकीत पेट्रोल आहे का, हे तो विचारीतही नाही. एंजिनाच्या एका टोकाचे झाकण काढतो आणि आतून दातेरी रबरी पट्टा बाहेर ओढतो. तो तुटलेला असतो.

वजन केले तर हा पट्टा पावशेरही भरायचा नाही. त्याने एंजिनाला शक्ती मिळत नाही की चाकेही फिरत नाहीत. तरीही तो तुटला की शंभर-सव्वाशे किलोचे एंजिन जागच्या जागी थांबते आणि पुष्कळदा आतून मोडतेही. नवा पट्टा बाजारात मिळतो. पण तो नुसता चढवून भागत नाही. जुना पट्टा एक गोष्ट सतत सांभाळत होता, ती त्याच्याबरोबर गेलेली असते. ती कोणती आणि परत कशी मिळवायची, ते आपण पाहू या.

दोन दंड, दोन वेग

उदाहरण म्हणून एक प्रसिद्ध एंजिन घेऊ. पश्चिम जर्मनीतील फोक्सवॅगन-आउडी यांचे ‘ईए ८२७’ या नावाने ओळखले जाणारे चार सिलिंडरांचे एंजिन १९७२ साली आउडी ८० या मोटारीत आले. पुढे पासाट, गोल्फ अशा अनेक गाड्यांत ते बसवले गेले, आणि त्याची डिझेलवर चालणारी भावंडेही निघाली. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २००१ पासून जोडणी होऊ लागलेल्या स्कोडा ऑक्टेव्हियाचे १.९ लिटरचे डिझेल एंजिन याच घराण्यातले. ईए ८२७ ची रचना सरळ असल्यामुळे शिकण्यास ते फार सोयीचे आहे.

सिलिंडरात दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, वरखाली सरकतो. चारही दट्टे दांड्यांच्या द्वारे खालच्या एका वाकणदार दंडाला जोडलेले असतात. याला भुजादंड म्हणतात. गॅरेजमधला शब्द ‘क्रँक’. सिलिंडराच्या माथ्यावर प्रत्येकी दोन झडपा (व्हॉल्व्ह) असतात. एकीतून हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत येते, दुसरीतून जळालेला वायू बाहेर जातो. या झडपा दाबून उघडण्याचे काम वरचा कॅमदंड करतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा झडपेवर आला की झडप उघडते, पुढे सरकला की स्प्रिंग ती बंद करते.

आता दट्ट्याच्या चार धावा आठवा. पहिल्या धावेत तो खाली जातो आणि मिश्रण आत ओढतो. दुसरीत वर येऊन ते दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि तिसऱ्या धावेत दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. चौथ्या धावेत तो वर येत जळालेला वायू बाहेर लोटतो. या चार धावांत भुजादंडाच्या दोन फेऱ्या होतात. पण प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते. म्हणून कॅमदंडाने भुजादंडाच्या दोन फेऱ्यांस बरोबर एक फेरी घेतली पाहिजे. यासाठी युक्ती साधी आहे: कॅमदंडावरच्या दातेरी चाकाला भुजादंडावरच्या चाकाच्या दुप्पट दात ठेवायचे आणि दोहोंवरून एक दातेरी पट्टा फिरवायचा.

केवळ वेगाचे प्रमाण २:१ असून भागत नाही, हे मात्र नीट ध्यानात घ्या. भिंतीवरच्या घड्याळाचा तासकाटा आणि मिनिटकाटा योग्य वेगाने फिरत असले, पण मिनिटकाटा बारावर असताना तासकाटा दोन अंकांच्या मधोमध असला, तर त्या घड्याळाचा काय उपयोग? एंजिनातही दट्ट्या कोणत्या जागी असताना कोणती झडप किती उघडी असावी, हे अंशांच्या हिशेबात ठरलेले असते. मिनिटाला ३००० फेऱ्या घेणाऱ्या एंजिनाचा भुजादंड सेकंदाला ५० फेऱ्या घेतो, म्हणजे १८,००० अंश फिरतो. या वेगाला प्रत्येक झडप सेकंदात २५ वेळा उघडते आणि मिटते. हा मेळ क्षणभरही न सुटू देणे, एवढेच पट्ट्याचे काम.

साध्या सपाट पट्ट्यास हे जमत नाही, कारण तो थोडा तरी घसरतोच. पिठाच्या गिरणीत त्याने बिघडत नाही, येथे बिघडते. घसरू न शकणारा दातेरी पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्रासाठी तयार झाला, ही गमतीची गोष्ट आहे. पण थोडा विचार केला तर तिचे नवल वाटत नाही. सुई खाली गेली असताना खालच्या आकड्याने नेमका तिचा दोरा पकडावा लागतो; वेळ चुकली की टाके सुटतात. घरी शिवणयंत्र असेल तर हे तुम्ही पाहिलेच असेल. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटारीच्या एंजिनात हा पट्टा प्रथम आला तो १९६२ साली, जर्मनीतील हान्स ग्लास या छोट्या कंपनीच्या ‘ग्लास १००४’ या गाडीत. त्यापूर्वी पोलादी साखळी किंवा दातेरी चाके हे काम करीत. आपल्याकडच्या अँबॅसडर आणि पद्मिनी या गाड्यांत साखळी होती. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये मात्र पट्टा आला. पट्टा हलका, स्वस्त, आवाज न करणारा, आणि त्याला तेल लागत नाही. आत काचतंतूंच्या दोऱ्या असल्याने तो ताणला म्हणून लांबत नाही, आणि दातांवर नायलॉनच्या कापडाचे अस्तर असते. दोष एकच: साखळी सैल झाली की खडखडून तक्रार करते, पट्टा बहुधा न सांगता तुटतो.

तुटण्याच्या क्षणी काय होते?

पट्टा तुटला तरी भुजादंड लगेच थांबत नाही. त्याच्या टोकाला जड गतिचक्र असते, शिवाय गाडी गिअरमध्ये असल्यास चाकेच त्याला फिरवीत राहतात. उलट कॅमदंड झडपांच्या स्प्रिंगांमुळे जवळजवळ तेथल्या तेथे अडकतो. त्या क्षणी ज्या झडपा उघड्या होत्या त्या उघड्याच राहतात, आणि दट्टे मात्र वरखाली करीतच असतात.

उघडी झडप सिलिंडराच्या आत किती उतरते? बऱ्याच एंजिनांत ८ ते १० मिलिमीटर. आणि दट्ट्या अगदी वर आला असताना तिला जागा किती उरते? हा हिशेब तुम्हीच करा. ईए ८२७ च्या दट्ट्याची धाव ८० मिलिमीटर आहे. संपीडनाचे प्रमाण, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ती संख्या, समजा ९ आहे. दट्ट्या वर असताना उरलेल्या पोकळीची सरासरी उंची ‘उ’ मानली, तर (८० + उ) ÷ उ = ९; म्हणून उ = ८० ÷ ८ = १० मिलिमीटर. झडप तेथे मावेल किंवा न मावेल; ते पोकळीच्या आकारावर आणि दट्ट्याच्या माथ्यावर खोबणी आहेत की नाहीत यावर अवलंबून राहील. म्हणूनच काही पेट्रोल एंजिनांत पट्टा तुटला तरी काही मोडत नाही. नवा पट्टा बसवला की गाडी चालू लागते. काहींत मात्र दट्टे झडपांवर आदळतात.

आता १९७६ मध्ये आलेल्या गोल्फ डिझेलचे एंजिन पाहा. धाव तीच, ८० मिलिमीटर. पण डिझेल एंजिनात ठिणगी नसते, हवा नुसती दाबूनच इतकी तापवावी लागते की त्यात डिझेल पेटावे. त्यामुळे संपीडनाचे प्रमाण सुमारे २३ असते. उ = ८० ÷ २२ = ३.६ मिलिमीटर. त्यातूनही बरीचशी पोकळी बाजूच्या लहान कप्प्यात असते. दट्ट्याच्या थेट वर जेमतेम मिलिमीटरभर फट उरते. आठ मिलिमीटर उतरलेल्या झडपेला तेथे जागाच नाही. अशा एंजिनाचा पट्टा वेगात तुटला तर झडपा वाकतातच. वाकलेली झडप आपल्या बैठकीवर घट्ट बसत नाही, सिलिंडरात दाब राहत नाही. आणि दाबायलाच काही नसल्यामुळे स्टार्टर हलका फिरू लागतो. आरंभी मेस्त्रीने जो आवाज ऐकला त्याचे कारण हे.

येथेच एक धोक्याची गोष्ट सांगितली पाहिजे. पट्टा तुटलेला असताना ‘एकदा सुरू होते का पाहू’ म्हणून स्टार्टर मारत राहणे फार वाईट. जी झडप पहिल्या वेळी वाचली असेल ती दुसऱ्या वेळी वाकते.

आधी कारण, मग पट्टा

घाईने नवा पट्टा चढवणारा माणूस अर्धेच काम करतो. पट्टा का तुटला हे आधी शोधावे लागते. वयाने जीर्ण झाला असेल तर रबरावर बारीक भेगा दिसतात. तेलाच्या गळतीने भिजला असेल तर रबर फुगून मऊ पडलेले असते. काही दात एकाच ठिकाणी सोलून निघाले असतील, तर एखादे चाक जाम झाले आणि पट्टा त्याच्यावरून खेचला गेला, असा अर्थ. पट्ट्याला ताण देणाऱ्या चाकाचे, म्हणजे टेन्शनरचे, बेअरिंग हाताने फिरवून पाहतात. काही एंजिनांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो. त्याचे बेअरिंग अडकले असेल आणि ते तसेच ठेवले, तर नवा पट्टाही लवकरच जुन्याच्या वाटेने जातो.

दंडांची हरवलेली वेळ

आता मूळ प्रश्न. पट्टा नाही, दोन्ही दंड आपापल्या मनाला येईल तेथे थांबलेले आहेत. त्यांना परत एकमेकांशी कसे जुळवायचे?

यासाठी कारखान्यातच खुणा केलेल्या असतात. ईए ८२७ मध्ये गतिचक्रावर एक खूण आहे. गिअरच्या पेटीवरच्या भोकातून पाहिले असता ती काट्यासमोर आली, की पहिल्या सिलिंडरातला दट्ट्या धावेच्या वरच्या टोकाला असतो. गॅरेजमध्ये या जागेला ‘टीडीसी’ म्हणतात. दुसरी खूण कॅमदंडाच्या चाकावर, एक ठिपका; तो माथ्याच्या झाकणाच्या कडेशी जुळला पाहिजे. या एंजिनात पट्टा आणखी एक मधला दंड फिरवतो, ज्यावर ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर चालतो. त्या दंडाच्या चाकावरचा ठिपका भुजादंडाच्या पुलीवरच्या खाचेसमोर येतो. तिन्ही खुणा जुळल्या की पट्टा चढवायचा. ऐकायला सोपे आहे. पण त्या जागांपर्यंत पोचेपर्यंतच बऱ्याच झडपा वाकतात.

समजा कॅमदंड कुठेतरी भलत्या जागी आहे आणि दट्टे वर आहेत. कॅमदंड फिरवला तर झडपा उघडतील आणि स्थिर दट्ट्यांवर टेकतील. पान्याच्या लांब दांड्यामुळे हाताच्या जोराने सुद्धा झडप वाकते. म्हणून जाणता मेस्त्री आधी भुजादंड वरच्या टोकापासून ९० अंश फिरवतो. चार सिलिंडरांच्या अशा एंजिनात पहिला व चौथा दट्ट्या वर असतात तेव्हा दुसरा व तिसरा खाली असतात. ९० अंशांवर चौघेही साधारण मध्यावर येतात. आता कॅमदंड मोकळेपणी कसाही फिरवता येतो.

(‘साधारण’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. दट्ट्याला जोडणारा दांडा तिरपा होत असल्यामुळे ९० अंशांवर दट्ट्या बरोबर मध्यावर नसतो, थोडा खाली असतो. भुजा ४० मिलिमीटर आणि दांडा १३६ मिलिमीटर लांब धरला, तर पायथागोरसच्या सिद्धांताने काढून पाहा. दट्ट्या ४० ऐवजी ४६ मिलिमीटर खाली उतरलेला आढळेल.)

कॅमदंडाचा ठिपका खुणेवर आला. आता भुजादंड परत पहिल्या सिलिंडराच्या टीडीसीवर न्यायचा. पण आलो त्याच, जवळच्या वाटेने. दुसऱ्या दिशेने गेलो तर वाटेत दुसरा आणि तिसरा दट्ट्या वरच्या टोकाला येतील. आणि कॅमदंड खुणेवर असताना दुसऱ्या सिलिंडराची वायू बाहेर सोडणारी झडप आणि तिसऱ्याची मिश्रण आत घेणारी झडप काही मिलिमीटर उघड्या असतात. तेथे फट मिलिमीटरभराची! जवळच्या वाटेने गेल्यास वर येतात ते पहिला आणि चौथा. पहिल्याच्या दोन्ही झडपा त्या वेळी बंद असतात. चौथ्याच्या दोन्ही किंचित उघड्या असतात खऱ्या. पण वायू बाहेर जाण्याचा शेवट आणि मिश्रण आत येण्याचा आरंभ थोडा एकमेकांत मिसळावा अशीच ती योजना असल्याने, तेवढी जागा एंजिन बनवणाऱ्याने ठेवलेली असते.

विद्यार्थ्यांना, आणि कधी कधी नव्या मेस्त्रींनाही, येथे एक शंका हमखास येते. चार धावांत दट्ट्या दोनदा वरच्या टोकाला येतो: एकदा मिश्रण दाबून, एकदा जळालेला वायू बाहेर लोटून. मग गतिचक्राची खूण जुळली तेव्हा यांतले कोणते टोक, हे कसे कळायचे? भुजादंडाकडे पाहून ते कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. भुजादंड, दांडा आणि दट्ट्या यांना धावेचा क्रमांक ठाऊक नसतो. पूर्ण एक फेरी फिरल्यावर ते हुबेहूब पूर्वीच्याच स्थितीत येतात. आताची धाव कोणती, हे केवळ झडपा ठरवतात, म्हणजेच कॅमदंड ठरवतो. तो खुणेवर ठेवला की टीडीसी आपोआप योग्य ते होते. भुजादंड आणखी एक फेरी फिरवला काय आणि न फिरवला काय, फरक शून्य.

डिस्ट्रिब्यूटरचे मात्र तसे नाही. तोही दोन फेऱ्यांस एक फेरी घेतो आणि त्याचा फिरणारा रोटर कोणत्या सिलिंडराला ठिणगी द्यायची ते ठरवतो. कॅमदंड खुणेवर असताना रोटर पहिल्या सिलिंडराकडे पाहत असला पाहिजे. ईए ८२७ च्या डिस्ट्रिब्यूटरच्या काठावर त्यासाठी बारीक खाच आहे. मधला दंड अर्धी फेरी चुकला तर रोटर चौथ्याकडे पाहतो, आणि पहिल्याची ठिणगी तेथे दोन्ही झडपा किंचित उघड्या असताना पडते. ज्वाला मागे कार्ब्युरेटरकडे धावते, फटाका वाजावा तसा आवाज होतो आणि एंजिन सुरू होत नाही. पहिल्या सिलिंडराचा दाब कोणत्या फेरीत येतो हे यंत्राशिवाय पाहायचे असेल तर स्पार्क प्लग काढून त्या भोकावर अंगठा धरतात आणि दुसऱ्याला भुजादंड हळू फिरवायला सांगतात. दाबाच्या धावेत हवा अंगठा ढकलून ‘फस्’ करून निसटते.

एका दाताची किंमत

पट्टा एका दाताने चुकला तर किती फरक पडेल? समजा भुजादंडाच्या चाकाला २० दात आणि कॅमदंडाच्या चाकाला ४० दात आहेत. एक दात म्हणजे कॅमदंडाचे ९ अंश आणि भुजादंडाच्या मापाने १८ अंश. अशा चुकीने एंजिन पुष्कळदा सुरू होते, आणि हेच घातक. कॅमदंड एक दात मागे राहिला तर आत घेणारी झडप उशिरा मिटते. दट्ट्या वर येऊ लागला तरी ती उघडीच, त्यामुळे आलेले मिश्रण थोडे परत बाहेर ढकलले जाते. गाडी चढाला ओढत नाही, सिग्नलला उभी असताना थरथरते. कॅमदंड एक दात पुढे असेल तर हळू वेगात विशेष कळत नाही, पण जोरात चालवायला गेले की एंजिन दमते. अशा वेळी बिचाऱ्या कार्ब्युरेटरची खोलउघड होते, प्लग बदलले जातात, आणि दोष राहतो झाकणाखाली.

एक दात चुकतो बहुतेक वेळा सैलपणामुळे. भुजादंड पट्टा आपल्याकडे ओढतो. ओढली जाणारी बाजू घट्ट असते, दुसरी बाजू सैल असते, आणि टेन्शनर असतो तो या सैल बाजूला. पट्टा चढवताना घट्ट बाजूला जरा जरी ढील राहिली, तर खुणा जुळलेल्या दिसतात. पण एंजिन फिरू लागताच आधी ती ढील खाल्ली जाते आणि मग कॅमदंड हलतो, म्हणजे मागे पडतो. म्हणून पट्टा भुजादंडापासून सुरू करून घट्ट बाजूने ताणत वर नेतात आणि उरलेली ढील टेन्शनरकडे सोडतात. ताण किती द्यायचा? या एंजिनाची पद्धत फार सुंदर आहे: कॅमदंड आणि मधला दंड यांच्यामधला पट्टा अंगठा व तर्जनी यांनी धरून पिळायचा, तो जेमतेम ९० अंश पिळता आला की ताण बरोबर. याहून घट्ट असेल तर पट्टा शीळ घालतो आणि बेअरिंगे खातो, सैल असेल तर दात उडी मारतो.

यानंतर सर्वांत महत्त्वाची तपासणी येते, आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. स्पार्क प्लग काढून भुजादंड पान्याने, हाताने, एंजिनाच्या नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा. दोनच का? दोन फेऱ्यांत कॅमदंडाची एक फेरी पुरी होते आणि सर्व खुणा परत एकत्र आल्या पाहिजेत. हाताला कुठे टणक अडथळा लागला तर तेथेच थांबायचे. झडप दट्ट्याला टेकली असण्याचा संभव असतो. जोर लावायचा नाही. हातात जे अडखळते ते स्टार्टरने मोडते. मी तर म्हणेन, या दोन फेऱ्या न फिरवता किल्ली मारणाऱ्या माणसाच्या हाती एंजिन देऊच नये.

या वेळी एक गंमत दिसते. पट्टा बसवताना त्यावर खडूने खुणा केल्या असतील, तर दोन फेऱ्यांनंतर चाकांवरच्या खुणा जागेवर येतात आणि पट्ट्यावरच्या भलतीकडेच गेलेल्या असतात! नवशिका येथे घाबरतो. पण आपल्या पट्ट्याला समजा १२१ दात आहेत. कॅमदंडाच्या एका फेरीत ४० दात सरकतात. ४० आणि १२१ यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही. म्हणून पट्ट्याची खूण पुन्हा जुळायला कॅमदंडाच्या १२१ फेऱ्या, म्हणजे भुजादंडाच्या २४२ फेऱ्या व्हाव्या लागतात. लघुतम साधारण विभाज्य वर्गात उगाच शिकवत नाहीत. यात एक फायदाही आहे: पट्ट्याचा तोच दात चाकाच्या त्याच दाताशी वारंवार भेटत नाही, आणि झीज सर्वत्र सारखी होते.

खुणा जुळल्या, अडथळा नाही, तरी झडपा शाबूत आहेत का, हे राहतेच. प्लगच्या जागी दाबमापक लावून स्टार्टर फिरवतात. धडधाकट पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरात दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० ते १३ किलो दाब येतो, आणि चारही आकडे जवळपास सारखे असतात. एखाद्यात काहीच दाब नसेल, तर माथा उतरवून वाकलेल्या झडपा बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

दिव्याच्या उजेडात थांबलेले चाक

शेवटी ठिणगीची वेळ. ती बरोबर टीडीसीला न पडता किंचित आधी पडावी लागते, कारण मिश्रण क्षणात जळत नाही. ज्वाला पसरायला समजा २ मिलिसेकंद लागतात. एंजिन नुसते चालू असताना मिनिटाला ९०० फेऱ्या घेत असेल, तर तेवढ्यात भुजादंड जवळजवळ ११ अंश फिरतो. ३००० फेऱ्यांना ३६ अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधी पडावी, अशी सोय डिस्ट्रिब्यूटरमध्येच असते. (वेगाबरोबर मिश्रण अधिक घुसळले जाते आणि ज्वालाही जलद पसरते, त्यामुळे खरा फरक या साध्या हिशेबापेक्षा थोडा कमी असतो.) मेस्त्रीने जुळवायची ती हळू वेगाची मूळ वेळ, तिचा आकडा त्या त्या एंजिनाच्या पुस्तकात दिलेला असतो.

फिरत्या चाकावर काही अंश मोजायचे कसे? पहिल्या प्लगच्या तारेला एक दिवा जोडतात, जो ठिणगीबरोबर अगदी अल्पकाळ लखलखतो. ९०० फेऱ्यांना तो सेकंदाला साडेसात वेळा चमकतो आणि प्रत्येक वेळी चाक त्याच जागी असते, म्हणून डोळ्याला चाकावरची खूण थांबलेली दिसते. डिस्ट्रिब्यूटर सैल करून थोडा इकडे-तिकडे फिरवला की थांबलेली खूण सरकते. योग्य आकड्यासमोर आली की तो आवळून टाकायचा. याच उजेडात पंखा आणि त्याचा पट्टाही थांबल्यासारखे दिसू शकतात, पण ते फिरतच असतात. तेथे बोट घालणाऱ्याचे बोट जाते. सैल बाही आणि मफलर यांनीही या वेळी दूर राहावे.

आजच्या बहुतेक मोटारींत डिस्ट्रिब्यूटर नाही. भुजादंडाजवळचा आणि कॅमदंडाजवळचा असे दोन संवेदक दोहोंची स्थिती सांगतात आणि संगणक ठिणगीची वेळ ठरवतो. पट्टा दाताने चुकला असेल तर दोन संवेदकांच्या सांगण्यात तफावत पडते आणि चालकासमोर दिवा लागतो. ती दुरुस्त करायला मात्र झाकण काढून खुणाच जुळवाव्या लागतात. बऱ्याच नव्या एंजिनांत पट्ट्याऐवजी पुन्हा साखळी आली आहे, आणि विजेवरच्या मोटारींत तर झडपाच नसल्याने हा प्रश्नच उरलेला नाही. पण पट्ट्याची लक्षावधी एंजिने अजून रस्त्यावर आहेत. पट्टा किती किलोमीटरांनी बदलायचा, हे प्रत्येकाच्या पुस्तकात लिहिलेले असते. बऱ्याच गाड्यांत हा आकडा ६० हजार ते एक लाखाच्या दरम्यान असतो, आणि गाडी नुसती उभी राहिली तरी काही वर्षांनी रबर जुने होते. म्हणून चांगला मेस्त्री झाकण बसवल्यावर त्यावर त्या दिवशीची तारीख आणि गाडीचे किलोमीटर रंगाने लिहून ठेवतो.